भरलेला कप

मिसलेहनं कॉफीचा कप ओठांना न लावता समोर ठेवला, आणि त्याचा धाकटा भाऊ नवाफ सावरून बसला.

त्यांच्या करक गावाकडचा माणूस कप असा खाली ठेवतो, तेव्हा त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमानानं "पी" म्हटलं, की मागणं मान्य. कप भरलेलाच राहिला, तर त्या घराची अब्रू गेली. बावीस वर्षं परदेशी वकिलातींत काढून आठ दिवसांपूर्वी परराष्ट्रमंत्री झालेला नवाफ एवढं काही विसरला नव्हता.

म्हणजे कळलं वाटतं याला! कुणी सांगितलं? सचिवानं? मेला हसतो फार गोड. की ड्रायव्हरनं? परवा खात्यातल्या नव्या भरतीची निवडयादी सहीला आली, त्यात तिसरं नाव रकानचं. मिसलेहचा मुलगा, मंत्र्याचा सख्खा पुतण्या! पेपरवाले सोलून काढतील म्हणून नवाफनं त्या नावावर हिरव्या शाईनं काट मारली होती. दार लावून, एकट्यानं.

"कॉफी गार होतेय, दादा."

"होऊ दे. आधी माझं ऐक."

"रकानचं असेल तर आत्ताच सांगतो. मला शब्द टाकायला लावू नकोस. लोक टपून बसलेत."

"तुझा शब्द मागतोय कोण?" मिसलेह उखडला. "अम्मानला येईपर्यंत बसमध्ये तिघांनी पाठ थोपटली माझी. म्हणे, काका मंत्री झाला, पोराचं कल्याण झालं! अरे, तू मंत्री व्हायच्या आधीच परीक्षेत तिसरा आलाय तो. दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलाय. माझं मागणं एवढंच, त्या यादीला हात लावू नकोस. भल्यासाठी नको नि बुऱ्यासाठीही नको. त्याचं त्याला मिळू दे."

रकानचं नाव वगळलेली यादी छापून तयार होती. उद्या सकाळी जाहीर होणार होती.

"एवढंच ना? पी दादा," तो म्हणाला. "नाही लावत हात." आवाज अगदी मुलायम. याच आवाजाच्या जोरावर तो इथवर चढत आला होता.

मिसलेहनं कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि धाकट्या भावाकडे बघतच राहिला.

"बावीस वर्षं देशासाठी खोटं बोललास, नवाफ. पण घरच्यांशी बोलताना कान अजून तस्सेच लाल होतात रे तुझे!"

त्यानं कप अलगद खाली ठेवला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि निघाला.

"दादा! अरे, ऐक तरी!" नवाफ दारापर्यंत धावला. मिसलेहनं मागं वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळानं बायको कप न्यायला आली. काठोकाठ भरलेला कप बघून तिचा हात जागीच थांबला.

"अगंबाई! कोण आलं होतं?"

"कुणी नाही," नवाफ म्हणाला.

तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं.