पुढे रस्ता नाही

मुलाने नवीकोरी जीप आणून आईच्या जुन्या जीपशेजारी उभी केली. नाव तेच, गोल दिवेही तसेच. कंपनीने तोंडवळा तेवढा जुनीचा ठेवला होता. दार उघडलं की आत थेट दिवाणखाना!

"आई, तुझी आता भंगारात देऊन टाकू. सगळा पत्रा खुळखुळतोय. आणि तुला हल्ली नीट ऐकूही येत नाही, गाडी चालवणं पुरे आता."

आईच्या डोक्यात तिडीक गेली.

"तू रांगत होतास तेव्हापासून चालवतेय मी. टेकडीवर मावशीकडे आधी कोण पोचतं बघू. हरले तर किल्ली तुझी."

नवी जीप बाणासारखी सुटली आणि दिसेनाशी झाली. आई आपली खडखडत मागून निघाली. चढावरच्या ओढ्यापाशी बघते तर काय, नवी जीप अडून उभी! पाण्याने रस्ता पार खचवून नेला होता, उरले होते नुसते दगडगोटे. मुलगा खाली उतरून दोन्ही हात हलवत होता. आईने जीप त्याच्याशेजारी आणून थांबवली.

"आई, पुढे रस्ता नाही! स्क्रीनवर तसं लिहून आलंय, मागे वळ म्हणून!"

आईने फोर-व्हीलचा छोटा दांडा खसकन ओढला.

"आमच्या हिला वाचता येत नाही."

"अगं, मी काय सांगतोय!"

तोवर जीप दगडांवर चढलीसुद्धा. आईने एक हात कानामागे धरला.

"काय म्हणालास? मला कुठे नीट ऐकू येतं!"