वरचं ऊन लागलेलं संत्रं

“माझं संत्रं शिखरावर ने आणि तसंच परत आण. वरचं ऊन लागलेलंच मी खाणार,” गुडघा दुखावल्याने घरी राहिलेल्या गुनहिल्डने मला बजावलं होतं. ईस्टरला स्कीवरून डोंगर चढायचा आणि माथ्यावर संत्रं सोलायचं, ही आम्हा मित्रमंडळींची रीत. यंदा हिमवादळाने चार दिवस डोंगरातल्या झोपडीत कोंडलं, तेव्हा सगळ्यांनी आपापली संत्री फस्त केली. उरलं फक्त तिचं. “एक फोड दे ना गं! तिला काय कळणारे?” आमच्यातला हालवोर मागेच लागला. अखेर सकाळी लख्ख उघडलं, पण येताना घासून माझी टाच सोलवटलेली. बुटात पायच जाईना. शब्द मोडणार म्हणून सकाळच्या प्रार्थनेतही मन लागेना. पिशवीत पाहिलं, तर संत्रंही गायब! “खाल्लंस ना, खादाडा?” मी दारातून ओरडले. स्की बांधणाऱ्या हालवोरने टोपीतलं संत्रं दाखवलं. “हळू बोल, बाकीचे झोपलेत,” म्हणत तो चढाला लागला.