धुळ्यापर्यंत

मेहरूणच्या मुसलमान घरांत बातमी कशी पोचते, यावर शाहीन विद्यापीठात संशोधन करत होती. प्रश्नावलीत रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्र होतंच. मार्गदर्शक सरांशी हुज्जत घालून तिनं एक प्रश्न आणखी घातला होता, माणसाबरोबर सांगून पाठवलेल्या सलामाचा. तो अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव असतो, पोचवावाच लागतो, हे सरांच्या गळी उतरवायला तिला महिना लागला होता.

वस्तीतल्या म्हाताऱ्या जैनबबींनी रेडिओ-टीव्ही एका वाक्यात उडवून लावले. "त्या डब्याला माझा मुलगा कुठं माहीत?"

"मग त्याचा शेवटचा सलाम कधी आला, खाला?"

"कुवेतची लढाई सुरू व्हायच्या आधी. तिथं मुश्ताकबरोबर कामाला असलेला बोदवडचा एक जण सुट्टीवर आला होता, तो त्याचा सलाम घेऊन आला. झाली दोन वर्षं."

शाहीननं ते लिहून घेतलं. पुढचे प्रश्न तिनं तसेच सोडले. कागद आवरून ती उठली, तशी म्हातारीनं तिचा हात धरला.

"मुश्ताकला माझा सलाम सांग, बेटी."

"खाला, मी तर फक्त धुळ्याला चाललेय."

"मग धुळ्यापर्यंत ने. तिथून पुढं जाणारं कुणीतरी भेटेलच की."