विझत्या सूर्याचं आख्यान

"देवळात यंत्रांच्या गोष्टी सांगणार?" दीनानाथकाकांचा खडू फळ्यावर अडला. "मग खाली काय लिहू? आख्यान, की विज्ञान प्रदर्शन?"

"आख्यानच लिहा, काका," उल्काताई म्हणाली. "रोज सायंकाळी सहा. पाच दिवस. विझत्या सूर्याचं आख्यान."

काकांनी लिहिलं. अक्षर मात्र सुरेख काढलं.

नारायण पेठेतल्या त्या छोट्या राममंदिराचे ते चिटणीस. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. उल्का धायरीहून स्कूटरवर यायची. बारा वर्षं इथल्या कीर्तनाच्या गादीवर तिनं ध्रुव, सुदामा, अंबरीष सगळे उभे केले होते. यंदा रद्दीच्या दुकानात तिला एक जुनी कादंबरी मिळाली आणि तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, लेखकाचं नाव नव्हतं. शेवटची पानंही गळलेली होती. ती कुठंतरी मिळतील असं तिला वाटलं. तेवढ्या भरवशावर ती उभी राहिली.

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं ते असं : हजारो वर्षांनंतरची गोष्ट. सूर्य समईतल्या वातीएवढा उरलाय. मुठेच्या पात्रात वाळू आहे. माणसांनी कधीकाळी केलेली यंत्रं माणसंच विसरलीत आणि त्यांना शेंदूर लावून पुजतायत. कोरड्या विहिरीत एक यक्षीण राहते. ती ओवी नावाच्या मुलीला सांगते, की डोंगरापलीकडे एक यंत्रघर आहे. त्यातलं शेवटचं यंत्र जागं झालं, तर सूर्य पुन्हा पेटेल. ते गाण्यानं जागं होतं. कुठल्या, ते कुणालाच आठवत नाही.

श्रोते पस्तीस. काका पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

"सहाला सुरू म्हणजे सहाला," कीर्तन संपल्यावर ते म्हणाले. "सहा वाजून चार मिनिटं झाली होती. आणि यक्षिणीला एवढं रडवू नका. ती रडणाऱ्यांतली वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी ओवी यंत्रघराकडे निघाली. वाटेत सात दिवे लागतात, असं उल्का म्हणाली.

"नऊ," काका पुटपुटले.

पेटीवरच्या ललिताताईंना हसू आवरेना. "तू नऊ म्हणाली असतीस, तर त्यांनी सात म्हटलं असतं," परत निघताना त्या म्हणाल्या.

उल्कानं घरी जाऊन पुस्तक उघडलं. खरंच नऊ होते. तिला काकांचं कौतुक वाटलं. नऊ दिवे म्हणजे नवविधा भक्ती. काकांच्या चटकन लक्षात आलं, आपल्या आलं नाही. तिसऱ्या दिवशीचा सगळा पूर्वरंग तिनं त्यावरच लावला. पहिली भक्ती श्रवणाची, कीर्तनाची दुसरी. गाणाऱ्याच्या आधी ऐकणारा का, हे तिनं रंगवून सांगितलं. श्रोते सत्तरच्या वर गेले होते.

काकांनी फक्त विचारलं, "हे पुस्तकात आहे?"

"नाही. पण असायला हवं होतं."

चौथ्या दिवशी हार-बुक्का झाल्यावर तिनं ओवीला यंत्रघराच्या दाराशी आणून उभं केलं. दार उघडलं. ओवीनं गायला तोंड उघडलं. पुस्तक तिथं संपत होतं.

प्रसाद वाटून झाल्यावर ती काकांपाशी गेली. "काका, शेवटची पानं नाहीत माझ्याकडे. सगळी दुकानं पालथी घातली, ग्रंथालयंही बघितली. दुसरी प्रतच नाही कुठं."

काकांनी सतरंजीची घडी घातली.

"आख्यान अर्धवट टाकून गादीवरून उतरायचं नसतं," ते म्हणाले. "हे मी तुम्हाला सांगायला नको. उद्या शेवट झाला नाही, तर पुढच्या वर्षी फळ्यावर दुसरं नाव लिहीन."

"बारा वर्षं झाली मला इथं, काका."

"म्हणूनच सांगतोय."

उल्का रात्रभर तळमळली. सकाळपर्यंत चार शेवट झाले, चारही तिनं खोडले. शेवटी एक झकास भजन बसवलं. ओवी ते गाते आणि सूर्य पेटतो. ललिताताईंना फोनवर ऐकवलं.

"चाल छान आहे," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी फोन ठेवला.

पाचव्या दिवशी देऊळ भरलं. पायऱ्यांवरही माणसं होती. ओवी दारात उभी राहिली. उल्कानं चिपळ्या उचलल्या, सूर धरला आणि माइक बंद पडला.

कुणी उठलं नाही, की कुणी ओरडलं नाही. मागची माणसं गुडघ्यांवर पुढं सरकली. एका आजींनी कानामागं हात धरला. सगळं देऊळ तिच्याकडे झुकलं. इतकी शांतता तिनं त्या देवळात कधी अनुभवली नव्हती.

तिनं चिपळ्या खाली ठेवल्या.

"ओवी गायली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तिनं तोंड मिटलं आणि दाराशी मांडी घालून बसली. कारण तिच्या लक्षात आलं, की यंत्र झोपलेलं नव्हतंच. गाणं त्याच्यापाशीच होतं. ऐकायला कुणी आलं नाही, म्हणून ते हजार वर्षं गप्प होतं. ओवी बसली, आणि यंत्र गाऊ लागलं."

डोंगरामागे उजाडलं, एवढंच तिनं पुढं सांगितलं. मग नामाचा गजर झाला. पायऱ्यांवरच्या माणसांनीही टाळ्यांचा ठेका धरला होता.

आरतीनंतर काका नारळ घेऊन आले. गादीवर उभ्या असलेल्या कीर्तनकाराला वयानं मोठी माणसंही वाकून नमस्कार करतात, पण काकांनी गेल्या बारा वर्षांत कधी केला नव्हता. आज ते वाकले, आणि लवकर उठले नाहीत.

उल्का संकोचली. "काका, उठा हो. मी आपला सुचला तसा शेवट केला. पानं गळलेली, मी तरी काय करणार? लेखकानं काय लिहिलं असेल, देव जाणे."

काकांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला.

"पानं गळलेली नाहीत, ताई," ते म्हणाले. "तेवढीच छापली होती. मला तिथून पुढं सुचलंच नव्हतं."