बरा झालेला गुडघा

शेळी प्राणिगृहाच्या छातीएवढ्या भिंतीवर जाऊन उभी राहिली होती. तिच्या ज्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, आम्हीच कोरून काढली होती, आणि तिच्याच पेशी रेशमाच्या जाळीवर वाढवून ती जाळी तिथे बसवली होती, त्याच गुडघ्याच्या बळावर तिने ती झेप घेतली होती.

“बघितलंस?” मार्गदर्शक मॅडम हरखून म्हणाल्या. “उद्या हिला कायमची झोपवू. गुडघ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला, की तुझा प्रबंध पूर्ण!”

याआधीच्या साऱ्या शेळ्या मी मुकाट्याने दिल्या होत्या. त्यांपैकी एकही बरी झाली नव्हती. ही मात्र रोज थोडी कमी लंगडत होती, आणि रोज संध्याकाळी ते पाहताना मला माझे एकटेपण हलके वाटे.

“हिला नको, मॅडम. एमआरआय पुरेल.”

“नाही पुरणार. एरवी तुझ्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो, आज काय अंगात आलंय?”

“हिला मी मारू देणार नाही.”

“अरे वेड्या, हिच्याशिवाय तुझी जाळी यशस्वी झाली, हे सिद्ध कसं करशील?”

“सिद्ध होणार नाही,” मी म्हणालो. माझी नजर खाली गेली नाही. मग शेळीकडे वळून मी इतक्या जोरात टाळी वाजवली, की तिने पलीकडच्या गवतात उडी घेतली आणि जराही न लंगडता ती टेकडीकडे पळत सुटली.