बोटं चाटणारा माणूस

टक्. दुपारच्या शांततेत ह्यांनी रिमोट दाबला.

"मारामारीचा नको लावूस बाबा, लेकरू हाय," सासूबाई म्हणाल्या. हे पूर्णेहून रविवारीच घरी येतात. चौघांनी मिळून बघावा असा एक तरी पिक्चर मला हवा होता.

पहिल्यात लग्नाची पंगत होती. पार मागं एक माणूस बोटं चाटत होता. हनुवटीवर वाळलेलं वरण, जिभेला चिकटलेला लांब केस. मी तोंड फिरवलं. "दुसरा लावा."

दुसऱ्यात तो शाळेच्या पायरीवर बसला होता. तेच वरण, तोच केस.

तिसरं कार्टून होतं. त्यातही तो होता, रंगवलेला, अगदी पुढं. मनगटापर्यंत लाळ ओघळत होती.

"हेही नको."

"आता तुझ्यासाठी मीच पिक्चर काढतो!" हे हसले. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

चौथ्यात मी कोपरा न् कोपरा बघितला. तो कुठंच नव्हता. ऋतिकाला मी कुशीत ओढलं आणि तिचं तेल लावलेलं डोकं हुंगलं.

ती माझ्या कानात म्हणाली, "आई, ते चाटणारे काका यात न्हाईत. मंग आता कुठं हायत?"