दातातलं पाणी

जरीनाच्या दाढेचा तो काप नखाहून पातळ होता आणि त्यात एकात एक बारीक कडी बसली होती. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण या कड्यांत कायमची राहते. मानवी हक्क आयोगाच्या यंत्राने ती वाचली आणि आश्रय मागायला आलेली जरीना मुळात याच देशात वाढली, असा निष्कर्ष दिला.

"अहो, सीमेपलीकडे आमच्या छावणीत पाणी तुमच्याच देशातून यायचं," जरीना पुन्हा म्हणाली. "मदत म्हणून. बाटल्यांतून. त्यावरच वाढले मी."

"माणसं खोटं बोलतात, बाई. दात बोलत नाहीत," अधिकारी म्हणाले.

"मग साक्षीला दातालाच बसवा!"

अधिकाऱ्यांना हसू आलं. माणूस वाईट नव्हता. "हे बघा, इथली आहे म्हणा, आजच नागरिक व्हाल. तिथलीच म्हणालात, तर अर्ज खोटा ठरून परत जाल."

परत म्हणजे छावणीवर गोळ्या झाडणाऱ्या त्याच लष्कराच्या हातात. आणि इथली म्हटलं, की त्या गोळीबाराची तिची साक्ष रद्द. त्यात तिची आई गेली, दोघे भाऊ गेले. पाहिलेलं सांगायला जिवंत उरली होती ती एकटी. म्हणून प्रत्येक सुनावणीत ती हे उत्तर पुढे ढकलत आली होती. आज पुढची तारीख नव्हती.

"बोला, बाई."

जरीनाने पदर सारखा केला.

"लिहा. मी इथलीच. तिकडे मी कधी गेले नाही, आणि तिथे काही पाहिलंही नाही."